पाठीवरचा शेरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका माणसाने पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी मी खोडरबराने पुसल्या. तो माणूस तेव्हा जिवंत होता आणि माझ्या दुकानापासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहत होता. त्या ओळी ज्यांनी वाचायला हव्या होत्या त्या बाई दुसऱ्या दिवशी दुकानात येणार होत्या. म्हणून पुसल्या.

मालाडला माझं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. त्यांच्या काळात देवांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो, एवढंच काम असायचं. वडील म्हणायचे, आपली गिऱ्हाइकं दोनच, देव आणि मयत, आणि दोघंही फ्रेम वाकडी आहे म्हणून भांडत नाहीत. ते गेल्यावर त्यांच्याही फोटोला मीच फ्रेम केली, आणि मग कधीतरी दुकानाची डावी भिंत मोकळी करून तिथे चित्रं लावायला लागलो. छापील नाहीत, हाताने काढलेली, एकेकच असलेली.

हा धंदा मला कुणी शिकवला नाही. एवढं मात्र लवकर कळलं की फ्रेम विकणं आणि चित्र विकणं यात फार फरक आहे. फ्रेम घेणारा माप सांगतो. चित्र घेणारा विचारतो, हे कुणी काढलं, कुठे राहतात, वय काय. त्याला चित्रासोबत थोडा माणूस हवा असतो. सुरुवातीला मी तो खुशीने द्यायचो. बोरिवलीची एक बाई पोर्ट्रेट काढायची, हात उत्तम. घाटकोपरच्या एका जोडप्याची मी तिच्याशी दुकानातच गाठ घालून दिली, वर सगळ्यांना चहा पाजला. तीन-चार महिन्यांनी कळलं की त्या जोडप्याच्या अख्ख्या गोतावळ्याची पोर्ट्रेटं तिने काढून दिली आहेत. मला एक फोनसुद्धा नाही. पुढे ती दुकानासमोरून जाताना मोबाइल कानाला लावायची.

तेव्हा मी ठरवून टाकलं. चित्र भेटेल, चित्रकार भेटणार नाही.

काका आले ते त्यानंतर वर्षभराने. कांदिवलीला राहायचे, मूळचे मालवणकडचे, सत्तरीला टेकलेले. पूर्वी एका मिलच्या डिझाइन खात्यात होते. साड्यांचे काठ ग्राफ पेपरवर रंगवायचे. मिल बंद पडल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पाट्या छापील झाल्यावर काहीच केलं नाही. आणि मग म्हातारपणी बसने आरे कॉलनीत जाऊन म्हशी रंगवायला लागले. नुसत्या म्हशी. गोठ्यातल्या, दावणीच्या, पाणी मारलेल्या फरशीवर उभ्या असलेल्या. काळा रंग ते कधी ट्यूबमधून घ्यायचे नाहीत. निळा आणि तपकिरी मिसळून करायचे, त्यामुळे त्यांची म्हैस लांबून काळी आणि जवळून दहा रंगांची दिसायची.

पहिलं चित्र मी काउंटरवर उलटं केलं तर पाठ लिहिलेली. बारीक, दाबून लिहिलेलं अक्षर. वार, वेळ, म्हशीबद्दल एक ओळ. मग खाली, हे चित्र घरात कुठे लावलंत ते कळवा, आवडलं नसेल तर तसंही लिहा. आणि पत्ता.

"काका, हे कशाला?"

"शेऱ्यासाठी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी ते शेरो असायचं.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मिलमध्ये डिझाइन रंगवून झालं की वर विक्रीवाल्यांकडे जायचं. तिकडून परत यायचं ते पाठीवर शेरा घेऊन. काठ बारीक करा. हिरवा चालणार नाही. कधीतरी नुसतं, छान. काढणाऱ्याने तो शेरा वाचला की काम पुरं. शेरा वाईट असला तरी चालायचा, पण पाठ कोरी आली तर त्याचा अर्थ एकच, हे कुणी बघितलंदेखील नाही. तो कागद कात्रणात जायचा.

"तीस वर्षांत माझे चारच कागद कोरे परत इले," ते म्हणाले. हे त्यांनी असं सांगितलं, जसं दुसरा माणूस मुलांचे मार्क सांगतो.

म्हणून त्यांची एकच अट होती. पाठ उघडी ठेवायची. फ्रेमच्या धंद्यात हे बसत नाही. चित्रामागे हार्डबोर्ड लागतो, त्यावर ब्राउन पेपर चिकटवून चारी कडा बंद कराव्या लागतात, नाहीतर आपल्या हवेत वर्षभरात कसर लागते. मी तसं म्हटलं.

"मगे पाठीकडसून पण काच लाव."

"दोन्हीकडून काच? काका, म्हैस आहे ती, मासा नाही."

ते हसले. म्हणाले, "म्हशीक काय एकच बाजू असता?"

यावर उपाय होता. हार्डबोर्डाला चौकोनी खिडकी कापायची, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक लावायचं, मजकूर दिसतो आणि कसरही लागत नाही. दहा मिनिटांचं जास्तीचं काम. मी म्हटलं, ठीक आहे, खिडकी ठेवतो. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि गेले.

मी खिडकी ठेवली नाही. त्या चित्राला नाही आणि पुढच्या एकाही नाही. पत्ता लिहिलेला होता ना. ते गेल्यावर मी ब्राउन पेपर लावला, ओल्या बोळ्याने कडा दाबल्या, आणि पेपर वाळून ताणला जाताना जो बारीक आवाज येतो तो ऐकत बसलो. मला तो आवाज आवडतो. काम नीट झाल्याची खूण आहे ती.

चित्र दोन आठवड्यांत गेलं. मुलुंडच्या एक बाई घेऊन गेल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, विज्ञान शिकवायच्या. मी त्यांना बाईच म्हणायचो, त्यांनाही तेच सवयीचं होतं. एकट्या राहायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच चित्र विकत घेत होत्या आणि ते त्यांनी एखादी चूक कबूल करावी तसं सांगितलं. महिन्याभराने परत आल्या त्या चित्राबद्दल बोलायला.

"अहो, त्या म्हशीचं डावं शिंग जरा खाली आहे, पाहिलंत का तुम्ही?"

मी पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं, चुकलंय. पण आठवडाभर बघितल्यावर कळलं, ती मान वळवायच्या बेतात आहे. शिंग आधी निघालंय, डोकं अजून निघायचंय. मी चहा घेऊन तिच्यासमोर बसते रोज. वळत काही नाही ती. पण वळेल असं वाटतं."

आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिलेली बाई होती ती. दोन माणसं, आणि त्यांच्या मधे मी.

काका पुढचं चित्र घेऊन आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "शेरो इलो काय रे?"

"नाही हो काका."

"येतलो," ते म्हणाले आणि पिशवीतून चित्र काढलं.

मग मी जे केलं ते पुसण्याइतकंच वाईट होतं, कदाचित जास्त. मी म्हटलं, "काका, मागच्या म्हशीचं डावं शिंग खाली आहे, ते मला लई आवडलं. मान वळवायच्या बेतात आहे ती. शिंग आधी निघालंय."

त्यांनी नवं चित्र काउंटरवर ठेवलं. मग स्टूल ओढून बसले. "तुझी नजर तयार झाली हां," म्हणाले. "ह्या कोणाकच दिसना नाय. आमच्या खात्यातल्या साहेबाकपण दिसला नसता."

त्या दिवशी ते तासभर बसले. म्हशीच्या पाठीवर ऊन कसं पडतं, ओली असली की कसं, सुकली की कसं. माझे वडीलसुद्धा माझ्याशी इतकं सलग कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि मला बरं वाटत होतं. दुसऱ्याचं मत आपल्या तोंडून सांगून मिळालेली शाबासकी होती, तरी बरंच वाटत होतं.

नंतर ती सवयच लागली. बाई येऊन चित्राबद्दल बोलायच्या, मी ते लक्षात ठेवायचो आणि काकांना माझं म्हणून सांगायचो. पण काकांना माझं मत नको होतं. ते आवडायचं त्यांना, पण मी दुकानदार. ज्याच्या घरात चित्र लागलंय त्याचा शेरा हवा होता. मी कितीही बोललो तरी उठताना ते विचारायचेच, "पण तिकडसून काय?"

"तिकडून काही नाही. घेणारे जास्त बोलत नाहीत. घेतात आणि जातात."

आणि बाईंना मी सांगायचो, "चित्रकार कुणाला भेटत नाहीत. जरा तऱ्हेवाईक आहेत."

"मी काही त्यांना त्रास देणार नाही हो. पाच मिनिटं."

"मी विचारून बघतो," असं मी दर वेळी म्हणायचो.

एकदा बाई म्हणाल्या, त्या मुलुंडहून येताना रिक्षा मुद्दाम आरेतून आणतात, म्हशी बघत येतात. मी घाईने विषय बदलला. काका त्याच रस्त्याच्या कडेला बोर्ड मांडीवर घेऊन बसलेले असायचे. बाईंनी त्यांना पाहिलंही असेल. म्हाताऱ्या, टोपी घातलेल्या माणसाकडे रिक्षातून कोण कशाला बघेल.

चार वर्षांत, अगदी शेवटचं धरून, तेवीस चित्रं झाली. त्यातली नऊ बाईंकडे गेली, बाकीची इकडेतिकडे. तेवीसच्या तेवीस पाठी मी बंद केल्या. काकांचा प्रश्न हळूहळू लहान होत गेला. आधी, शेरो इलो काय रे. मग नुसतं, इलो? मग दारातून भुवया उंचावून बघायचे आणि मी मान हलवायचो. पुढे तेही बंद झालं. आणि मग एक दिवस त्यांनी आणलेलं चित्र मी उलटं केलं तर पाठ कोरी होती. वार नाही, वेळ नाही, काही नाही.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता काही लपवायचं उरलं नाही, असं मनात आलं. मी विचारलंसुद्धा नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी विचारीन म्हणून वाट बघितली असावी, आणि मग रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

त्यानंतर त्यांनी दोनच चित्रं आणली. म्हशी काळ्या होत्या. म्हणजे ट्यूबमधल्या काळ्या.

आता पुसण्याचं सांगतो. त्याच वर्षी पावसाळ्यात बाईंकडचं पहिलं चित्र, डाव्या शिंगाचं, आतून दमट झालं. काचेवर बुरशीचे ठिपके आले. त्या ते चादरीत गुंडाळून घेऊन आल्या, आजारी मूल आणावं तसं.

"उघडावं लागेल," मी म्हटलं.

"उघडा. पण बंद करायच्या आधी मला बोलवा. पाठ बघायची आहे."

"पाठीवर काय असणार बाई?"

"तारीख असते कधीकधी. जुनी माणसं काही ना काही लिहितात." मग म्हणाल्या, "ते भेटत नाहीत, तर निदान अक्षर तरी बघू द्या."

मी म्हटलं, पाठीवर काही नाही. त्या म्हणाल्या, तरी बघते. उद्या येते.

दुपारी शटर अर्धं ओढून मी चित्र उघडलं. माझाच ब्राउन पेपर, माझाच हार्डबोर्ड. खाली ते अक्षर जसंच्या तसं. फोन उचलून काकांना सांगता आलं असतं, उद्या या, एक बाई तुमची वाट बघतायत. तेव्हा सगळं भरून निघण्यासारखं होतं. पण मग खिडकीचं निघालं असतं, आणि चार वर्षं मी दोघांना काय काय सांगत आलो तेही निघालं असतं. मी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं. वार आणि वेळ तेवढे ठेवले. बाकीच्या चार ओळी सावकाश, कागद न फाटता पुसल्या. काम नीट केलं. रबराचे कण ब्रशने झटकले.

बाई आल्या. चष्मा बदलून बघितलं. वार वाचला, "मंगळवार," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग खालच्या कोऱ्या भागावरून बोट फिरवलं. काका दाबून लिहायचे. ग्राफ पेपरची सवय. शिसं जातं, वण राहतो.

"इथे काहीतरी होतं."

"खोडाखोड करतात फार ते."

"काय लिहिलं असेल आणि पुसलं असेल," त्या म्हणाल्या. कागद थोडा तिरका धरला. मी तो त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि म्हटलं, हाताचा घाम लागतो बाई, जलरंग आहे.

त्यांच्यासमोरच पाठ बंद केली.

काका गेल्याचं मला त्यानंतरच्या हिवाळ्यात कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून, दिवसकार्य आटपून गेल्यावर. ती दुकानात आली, हातात जुनी दोनशेपानी वही. "हे तुमच्याकडे असू दे," म्हणाली. "चित्रं कुणाकुणाकडे गेली ते तुम्हालाच माहीत."

वहीत एका पानाला एक चित्र. वर काडेपेटीएवढी म्हैस, खऱ्या चित्राची नक्कल, त्याच रंगात. खाली पट्टीने आखलेली चौकट आणि चौकटीच्या डोक्यावर एक शब्द, शेरा. तेवीस पानं. तेवीस चौकटी कोऱ्या. पहिल्या पानावर, चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरात लिहिलं होतं, डावं शिंग, दुकानवाल्याला दिसलं.

मुलगी म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी रंगवायचे नाहीत. मी म्हणायची, बाबा, काढा ना, विकली जातायत की. तर म्हणायचे, विकली गेली गो, पण कोरी परत इली." मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्ही खूप केलंत त्यांच्यासाठी. तुमच्याबद्दल फार बोलायचे. नजर आहे म्हणायचे."

मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली.

बाईंना मी सांगितलं, चित्रकार गेले. त्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "त्यांना माझ्याबद्दल काही माहीत होतं का हो? म्हणजे, कुणीतरी मुलुंडला बघत बसतं रोज, एवढं तरी?"

"हो तर," मी म्हटलं. "मी सांगायचो ना. तुमचं सगळं सांगायचो."

त्यांचा चेहरा सुटला. म्हणाल्या, "मग बरं." आणि गेल्या.

त्या अजूनही येतात. आता गुडघ्यांमुळे कमी, पण येतात. वही काउंटरखालच्या कप्प्यात असते. त्या समोर उभ्या असतात तेव्हा माझा गुडघा त्या कप्प्याला लागतो. पुसलेल्या चार ओळी मला पाठ आहेत. ही म्हैस आटलेली आहे, तरी गवळी तिला विकत नाही. हे चित्र घरात कुठे लावलंत ते कळवा. आवडलं नसेल तर तसंही लिहा. मी कांदिवलीला राहतो, आणि पुढे पत्ता. इतरांच्या घरी मी या वर्षी जाऊन आलो. जिथे चित्रं अजून भिंतीवर होती तिथे काचेला बुरशी धरते असं सांगून पाठी उघडल्या, खिडक्या बसवल्या, मजकूर दाखवला. दोघातिघांनी वाचला. एकाने वहीत दोन ओळी लिहून दिल्या. काकांनी त्या वाचायच्या होत्या, ते आता होणार नाही, तरी लिहून घेतल्या.

मुलुंडला मी गेलेलो नाही. तिथे नऊ चित्रं आहेत. त्यांच्या पाठी माझ्या हाताने बंद आहेत, आणि त्यातल्या एकीवर अक्षर नाही, वण आहे. ती वही त्या बाईंसमोर ठेवायची आहे, आणि त्यांना सांगायचं आहे की काकांना तुमच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. ते मी होऊ दिलं नाही. एवढं माझ्याकडून देणं आहे, आणि ते अजून दिलेलं नाही.